कार्ड आहे हो, पण दाखवायची भीती वाटते

मागच्या अंकात हेल्थ इन्शुरन्सवर चार ओळी काय लिहिल्या, तुमच्या पत्रांचा ढीग पडला. त्यातली निम्मी पत्रं तर प्रश्न नाहीतच, नुसता संताप आहे, आणि खरं सांगू का, तो वाचताना मला जरा लाजल्यासारखंही झालं कारण मी इथे अमेरिकेत सतरा वर्षं डॉक्टरांच्या ऑफिसमध्ये बिलिंग केलंय, म्हणजे तुम्हाला ती पाकिटं पाठवणाऱ्यांतलीच मी एक. असो. जमेल तेवढ्या पत्रांना उत्तरं देते.

ताई, गेल्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं. कोब्राचा (नोकरी सुटल्यावर कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) आकडा बघून डोळे पांढरे झाले म्हणून सात महिने इन्शुरन्सच घेतला नाही. तब्येत ठणठणीत आहे, सर्दीपलीकडे काही होत नाही. आता टॅक्सवाला म्हणतो दंड भरा. तो दंड ट्रम्पने काढून टाकला ना? मग हा कसला? (एक वाचक, न्यू जर्सी)

काढला तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा दंड. सगळ्यांनी इन्शुरन्स घ्यायचाच म्हणणारा ओबामाकेअरचा कायदा २०१० चा, दंड लागू झाला २०१४ पासून, पहिल्या वर्षी माणशी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा १ टक्का, जे जास्त असेल ते. २०१६ पर्यंत तो ६९५ डॉलर किंवा अडीच टक्क्यांवर गेला. मग डिसेंबर २०१७ च्या टॅक्सच्या कायद्यात तो शून्य केला, २०१९ पासून. गंमत बघा, इन्शुरन्स घ्या म्हणणारं कलम कायद्यात अजून तसंच आहे, फक्त न घेतल्याचा दंड शून्य डॉलर.

पण तुम्ही राहता न्यू जर्सीत. फेडरल दंड गेल्यावर न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन डीसीने २०१९ पासून स्वतःचा लावला, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंडने २०२० पासून, आणि मॅसॅच्युसेट्सचा तर ओबामाच्याही आधीचा, २००६ च्या कायद्यातला. डेलावेअर नदीच्या पुलापलीकडे पेनसिल्व्हेनियात राहत असतात तर एक सेंट लागला नसता. अन्याय वाटतो ना, मलाही वाटतो, पण टॅक्सवाला बरोबर बोलतोय. सलग तीन महिन्यांपेक्षा कमी गॅप असेल तर सूट मिळते, तुमची सात महिन्यांची आहे. तरी सूट मिळायची बाकीची कारणं (उत्पन्नाच्या मानाने प्लॅन परवडत नव्हता, घरात काही संकट होतं वगैरे) त्याला एकदा तपासायला लावा, बरेच टॅक्सवाले तेवढे कष्ट घेत नाहीत.

आणि कोब्राचं म्हणाल तर तो आकडा खोटा नसतो हो, तोच खरा असतो. कंपनी तुमच्या वतीने जे भरत होती ते तुम्हाला कधी दिसलंच नव्हतं, कोब्रात ते सगळं तुमच्या अंगावर येतं, वर २ टक्के हाताळणीचे. पण एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि घेतला तर तो नोकरीतलं कव्हर संपलं त्या दिवसापासून लागू होतो, मागचे हप्ते भरून. म्हणजे त्या ६० दिवसांत पाय मोडला तर नंतरही घेता येतो. नोकरी आपणहून सोडली असली तरी कव्हर गेल्यापासून ६० दिवस मार्केटप्लेसचाही (ओबामाकेअरचे प्लॅन विकणारा सरकारी बाजार) दरवाजा उघडा असतो, नोव्हेंबरच्या वार्षिक नोंदणीची वाट बघायची गरज नाही. पुढच्या वेळी आधी पत्र टाका, मग राजीनामा.

मला एकच सांगा, लोकशाही देशात सरकार नागरिकाला खाजगी कंपनीचं गिऱ्हाईक व्हायला भाग कसं पाडू शकतं? द्यायचं असेल तर सरकारने स्वतः द्यावं नाहीतर आम्हाला सोडावं. हे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. (चिडलेला वाचक, टेक्सास)

अहो, हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता. २०१२ चा निकाल, ५ विरुद्ध ४, आणि चीफ जस्टिस रॉबर्ट्स यांनी तुमचं अर्धं म्हणणं मान्यही केलं, की व्यापाराच्या अधिकाराखाली काँग्रेस (इथली संसद) कुणाला वस्तू विकत घ्या अशी सक्ती करू शकत नाही. पण न घेणाऱ्यावर कर लावू शकते, आणि हा दंड म्हणजे करच, असं म्हणून त्यांनी कायदा वाचवला.

आता ही कल्पना आली कुठून ते ऐका, कारण दोन्ही बाजूंचे लोक ते सोयीने विसरतात. सगळ्यांनी खाजगी इन्शुरन्स घ्यावाच हे १९८९ मध्ये मांडलं हेरिटेज फाउंडेशनने, म्हणजे पक्क्या उजव्या विचारांच्या संस्थेने. ते आधी राबवलं मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी. आणि २००८ च्या प्रचारात हिलरी क्लिंटन सक्ती हवी म्हणत होत्या तेव्हा ओबामा तिच्या विरोधात होते! निवडून आल्यावर त्यांनाही कळलं की आजारी माणसाला कंपनीने नाकारायचं नाही, जास्त पैसेही मागायचे नाहीत असा नियम केला की धडधाकट लोक म्हणणार, मग आत्ता कशाला भरू, आजारी पडल्यावर बघू. घराला आग लागल्यावर आगीचा विमा काढल्यासारखं. म्हणून सक्ती. सरकारी प्लॅनचा पर्यायही मूळ चर्चेत होता, तो सिनेटमध्ये ६० मतं जमवायच्या नादात गळाला, त्यातलं एक मत कनेटिकटचे सिनेटर जो लीबरमन यांचं होतं आणि त्यांनी साफ नाही म्हटलं.

माझं मत विचाराल तर सक्ती या शब्दावर मी एवढी अडत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाने खाजगी इन्शुरन्स घ्यायचाच असा कायदा आहे, नेदरलँड्समध्ये २००६ पासून. पण स्वित्झर्लंडमध्ये त्या मूळ पॅकेजवर कंपनीला नफा कमवता येत नाही आणि डॉक्टर-हॉस्पिटलचे दर ठरलेले असतात. इथे काय केलं? घेणाऱ्याला बांधून घातलं आणि विकणाऱ्याला मोकळं ठेवलं. तशी कंपनीला एक अट आहे, प्रीमियमच्या प्रत्येक डॉलरमधले किमान ८० सेंट (मोठ्या ग्रुप प्लॅनला ८५) उपचारांवर खर्च झालेच पाहिजेत, नाहीतर फरक परत द्यायचा. ऐकायला झकास. पण जरा विचार करा, उरलेल्या २० सेंटांत ऑफिस, पगार, जाहिराती आणि नफा. मग हॉस्पिटलचा एकूण खर्च कमी झालेला कंपनीला कशाला हवाय? शंभराचे वीस बरे की दोनशेचे वीस टक्के बरे? हॉस्पिटलचे दर सरकारने ठरवायचे आणि सगळ्यांनी तेच द्यायचे, असं करणारं राज्य एक, मेरीलँड, तेही १९७० च्या दशकापासून. बाकी ठिकाणी एकाच रस्त्यावरच्या दोन हॉस्पिटलांत एकाच एमआरआयचे दर दुप्पट-तिप्पट असतात आणि ते आधी सांगतील तर शपथ (आता दर वेबसाइटवर टाकायची सक्ती आहे, एकदा ती फाइल उघडून बघा, पंधरा मिनिटांत बंद कराल).

आणि राग आवरून एक सांगते, तुमच्या टेक्सासमध्ये दंड आज अजिबात नाही, फेडरल शून्य आणि राज्याचा नाहीच. उलट अख्खा कायदाच रद्द करा म्हणून कोर्टात गेलेल्या राज्यांत टेक्सास सगळ्यात पुढे होतं, ती केस २०२१ मध्ये ७ विरुद्ध २ ने फेटाळली. आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) वाढवायला टेक्सासने अजून नकारच दिलाय. तेव्हा तिथे मुलंबाळं नसलेला, अगदी कमी कमाईचा धडधाकट माणूस ना मेडिकेडमध्ये बसतो ना त्याला मार्केटप्लेसच्या प्रीमियमवर सबसिडी मिळते. त्याच्यावर कसलीच सक्ती नाही. तो मोकळा आहे.

वार्षिक तपासणी फुकट असते म्हणून गेले, वीस मिनिटांत बाहेर आले आणि महिन्याने २१० डॉलरचं बिल! फोन केला तर म्हणतात डिडक्टिबल (कंपनी द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम) बाकी आहे. फुकट म्हणजे फुकट ना? कार्ड आहे हो, पण दाखवायची भीती वाटते. (वाचक भगिनी, ओहायो)

तुम्ही आत डॉक्टरांना सांगितलंत ना, की बरी आठवण झाली, तो गुडघा जरा दुखतोय? तिथेच मीटर पडलं.

कसं चालतं ते मी आतून सांगते. तुमच्या भेटीनंतर माझ्यासारख्या बाईकडे डॉक्टरांची नोट येते. वार्षिक तपासणीचा कोड ९९३९६ (४० ते ६४ वयाच्या जुन्या पेशंटसाठी), तो कंपनीने पूर्ण द्यायचा, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही, कायदाच आहे. पण नोटमध्ये खाली एक ओळ असते, ‘उजवा गुडघा, तीन आठवडे दुखतो, वाकवून बघितला, गोळी लिहून दिली.’ ती ओळ आली की दुसरा कोड लागतो, ९९२१३, आणि त्याच्या पुढे २५ चा आकडा, म्हणजे त्याच दिवशी वेगळं काम केलं. हा कोड फुकटवाला नाही, तो तुमच्या डिडक्टिबलमध्ये जातो. मी स्वतः असे किती २५ लावलेत त्याची गणती नाही, आणि नियमाने ते बरोबरही असतं, डॉक्टरने गुडघा खरंच बघितलेला असतो. पण पेशंटला कुणी तोंडाने सांगत नाही की बाई गं, या वाक्याचे दोनशे डॉलर होतील.

तर आता ऑफिसला फोन करून नोट मागा. गुडघ्याचा नुसता उल्लेख असेल, तपासणी-औषध काही नसेल, तर कोड बदलून पुन्हा क्लेम पाठवा म्हणा, बऱ्याचदा करतात. आणि पुढच्या वर्षी आत शिरल्याशिरल्या विचारा, मी गुडघ्याबद्दल बोलले तर वेगळं बिल होईल का? डॉक्टर चमकतील, चमकू देत. शीर्षकात मी तुमच्याच पत्रातलं वाक्य घेतलंय, कार्ड आहे पण दाखवायची भीती वाटते. महिन्याला एवढे पैसे भरून दुखणं डॉक्टरपासून लपवायचं, ही अवस्था या व्यवस्थेने आणलीय आणि माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे.

अँब्युलन्सचं बिल १४०० डॉलर, आउट ऑफ नेटवर्क म्हणे, म्हणजे माझ्या इन्शुरन्सशी करार नसलेली. मी बेशुद्ध होतो, नेटवर्क कुठून विचारू? सरप्राइज बिलं बंद झाली ना? (वाचक, कोलोरॅडो)

जानेवारी २०२२ पासून झाली, इमर्जन्सी रूमची आणि हेलिकॉप्टरचीसुद्धा. रस्त्यावरून धावणारी अँब्युलन्स मात्र फेडरल कायद्यातून वगळली. हो, बरोबर वाचलंत. काही राज्यांनी स्वतःचे नियम केलेत, तेव्हा पैसे भरायच्या आधी राज्याच्या इन्शुरन्स खात्याला फोन करा आणि अँब्युलन्सवाल्यांशी घासाघीस करा, ते ऐकतात.

आई ६७, बाबा ७१, दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आले. माझ्या कंपनीच्या प्लॅनमध्ये आई-वडील चालत नाहीत. मेडिकेअर (वयस्कांचा सरकारी इन्शुरन्स) ६५ ला मिळतं ना? नाहीतर ते व्हिजिटर्स इन्शुरन्स घेऊ का, स्वस्त पडतं. (वाचक, नॉर्थ कॅरोलायना)

मेडिकेअरला ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहणं लागतं, म्हणजे अजून तीन वर्षं थांबा. आणि तेव्हाही त्यांनी इथे नोकरी केलेली नसल्याने पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) विकत घ्यावा लागेल, २०२५ मध्ये त्याचा दर महिन्याला ५१८ डॉलर माणशी होता, पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) वेगळा.

व्हिजिटर्स इन्शुरन्सच्या नादी लागू नका. तो पाहुण्यांसाठी असतो, बाबांचं बीपी आणि आईची शुगर त्यात आधीपासूनचा आजार म्हणून बाहेर राहणार. त्यात अचानक उद्भवलं तरच देऊ असं एक कलम असतं, आणि अचानक म्हणजे काय यावर कंपनी तुमच्याशी तीन महिने वाद घालेल. मार्केटप्लेसमधूनच प्लॅन घ्या, तिथे जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही आणि वयस्कांकडून तरुणांच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. ती तिप्पटसुद्धा भरपूर होते हे मान्य.

सबसिडीत मात्र २०२६ पासून एक खोच आलीय. पूर्वी ग्रीन कार्डला पाच वर्षं न झालेल्या, अगदी कमी उत्पन्नाच्या लोकांना मेडिकेड नाही तर निदान सबसिडी मिळायची, जुलै २०२५ च्या कायद्याने ती बंद केली. पण आई-बाबा तुमच्या टॅक्स रिटर्नवर डिपेन्डन्ट असतील तर उत्पन्न तुमच्या घराचं धरतात, आणि तेवढ्या माणसांच्या घराच्या हिशोबात तुम्ही बसलात तर अजूनही काहीतरी मिळू शकतं. दोन्ही पद्धतींनी आकडे टाकून बघा. एच-१बी, एच-४ वाल्यांनीही ऐकून ठेवा, २०२७ पासून तुमची सबसिडी जाणार आहे.

आम्ही दोघं, वय ६१ आणि ५९, छोटा धंदा, उत्पन्न साधारण ८८ हजार. कव्हर्ड कॅलिफोर्नियातून (आमच्या राज्याचं मार्केटप्लेस) प्लॅन घेतो. २०२६ चा प्रीमियम बघून वाटलं चुकून जास्तीचं शून्य पडलंय. सोडून दिलं तर दंड, ठेवलं तर कंगाल. काय करू? (वाचक, कॅलिफोर्निया)

शून्य चुकून नाही पडलेलं, सबसिडी पडलीय. मूळ कायद्यात सबसिडी गरिबीरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच होती, एक डॉलर वर गेलात की सगळी गायब. २०२१ मध्ये कोविडच्या काळात ही मर्यादा उठवली, पुढे ते २०२५ अखेरपर्यंत वाढवलं, आणि ती मुदत संपली. याच भांडणात १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकार बंद होतं, आठवत असेल. तुमच्या वयाला प्रीमियम सगळ्यात जास्त, म्हणून धक्काही सगळ्यात मोठा तुम्हालाच.

आता आकड्यांत बोलू. दोघांच्या घराला २०२६ साठी चौपटीची मर्यादा येते ८४,६०० डॉलर. तुम्ही ८८ हजारांवर, म्हणजे ३,४०० डॉलर जास्त कमावता म्हणून हजारो डॉलरची मदत घालवताय. पण हे उत्पन्न टॅक्सच्या हिशोबातलं असतं, ते खाली आणता येतं. २०२६ पासून मार्केटप्लेसचे सगळे ब्राँझ (कमी प्रीमियम, जास्त डिडक्टिबलचे) प्लॅन एचएसए (भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते असं उपचारांसाठीचं बचत खातं) उघडायला पात्र झालेत, फॅमिलीची मर्यादा ८,७५० डॉलर, शिवाय ५५ वरच्या प्रत्येकाला आणखी एक हजार. ते भरले की तुम्ही मर्यादेच्या आत, आणि पैसे तुमच्याच खात्यात, उपचारांना वापरायला. धंदा स्वतःचा आहे तर निवृत्तीच्या खात्यात टाकूनही हेच साधतं. टॅक्सवाल्याकडे याच महिन्यात जा, एप्रिलपर्यंत थांबू नका.

फक्त एक सांभाळा. अंदाज चुकून वर्षअखेर उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर पूर्वी सबसिडी परत द्यायला काहींना तरी वरची मर्यादा असायची, २०२६ पासून ती कुणालाच नाही, घेतलेली सगळी परत करावी लागेल. डिसेंबरमध्ये एखादं गिऱ्हाईक मोठा चेक द्यायला आलं तर जानेवारीत दे बाबा म्हणायची पाळी. कमी कमवा म्हणजे इन्शुरन्स परवडेल, कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे.

नवऱ्याची पाठ दोन महिने धरलीय, पाय बधिर होतो. डॉक्टरांनी एमआरआय लिहिला, इन्शुरन्सने डिनाय केला, वैद्यकीय गरज नाही म्हणे, आधी सहा आठवडे फिजिकल थेरपी करा. कुणाला विचारून ठरवतात हे? (वाचक भगिनी, इलिनॉय)

कंपनीच्या अटींच्या यादीला विचारून. डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये थेरपी केल्याची खूण नव्हती, समोरच्याने नाही वर टिक केलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये एका मोठ्या इन्शुरन्स कंपनीच्या सीईओला भररस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हा माणूस गेला याची हळहळ बाजूला राहिली आणि लोक आपापल्या डिनायलच्या कहाण्या लिहायला लागले. मला ते बघवलं नाही. पण त्या कहाण्या खोट्या नव्हत्या.

माझी स्वतःची सांगते. माझा एक क्लेम डिनाय झाला कारण जन्मतारखेत कुणीतरी दिवस आणि महिना उलटा टाकला होता. मी बिलिंगवाली, मला चूक पहिल्याच पत्रात दिसली, तरी ती सुधारायला अकरा फोन आणि साडेतीन महिने लागले. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. ज्याला यातलं काही कळत नाही तो तिसऱ्या फोनला पैसे भरून मोकळा होतो, आणि तेच त्यांना हवं असतं.

तुम्ही भरून मोकळ्या होऊ नका. आधी डॉक्टरांना सांगा कंपनीच्या डॉक्टरशी थेट बोला म्हणून, त्याला पीअर-टू-पीअर म्हणतात, आणि पाय बधिर होतो हे त्यांनी स्पष्ट बोललं पाहिजे कारण नुसती पाठदुखी आणि नस दबल्याची लक्षणं यांना यादीत वेगळी वागणूक असते. त्याने नाही झालं तर लेखी अपील, डिनायल आल्यापासून १८० दिवसांची मुदत असते. तेही फेटाळलं तर बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडे जाता येतं, चार महिन्यांच्या आत, आणि त्याचा निकाल कंपनीला मानावाच लागतो. तातडीचं असेल तर ७२ तासांत निर्णय मागता येतो. लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद जायला लागली तर मात्र हे सगळं सोडा आणि सरळ इमर्जन्सीत जा, तिथे आधी परवानगी लागत नाही.

फोन कराल तेव्हा तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहा, प्रत्येक वेळी. आणि नवऱ्याच्या एचआरला विचारा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का. मोठ्या कंपन्यांत बहुतेक असतो, म्हणजे पैसा कंपनीचाच, इन्शुरन्सवाले फक्त कारकून. तसं असेल तर एचआरमधल्या बेनिफिट्सवाल्या बाईंना डिनायलचं पत्र जोडून शांतपणे एक मेल टाका. ज्या कामाला मला अकरा फोन लागले तसलं काम अशा एका मेलने दोन दिवसांत झालेलं मी पाहिलंय. काय होतं ते मला कळवा.